बांगडी चढेना तेव्हा

तेज

माझे पाय सुजले तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अंगात पाणी भरायलंय, म्हणजे गर्भ चांगला पोसायलाय." पुढे चेहरा सुजला तेव्हा तर विचारूच नका. ऑफिसातल्या मैत्रिणी व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "अर्चना, काय ग्लो आलाय गं." मीही आरशात बघून खूश. एकोणतीस वर्षं माझे गाल बसलेलेच होते, ते आयते भरून आले तर तक्रार कोण करणार?

आम्ही मूळचे लातूरकडचे. नवरा महेश हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर. मी दुसऱ्या एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी ऐकायच्या नोकरीत. मारुंजीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे लग्न ठरतानाच ठरलेलं असतं. सातव्या महिन्यात शनिवारी डोहाळजेवण, रविवारी सकाळी भाऊ गाडी घेऊन येणार आणि मला लातूरला नेणार, असा बेत होता. आईनं तिकडे डिंक आणून ठेवला होता.

त्याच आठवड्यात बुधवारी माझी तपासणी होती. घरात चकल्यांचं पीठ भिजलेलं, सासूबाई नुकत्याच गावाहून आलेल्या. मी दवाखान्यात फोन करून कळवलं की आता लातूरलाच दाखवीन. तपासणीत करतात काय, वजन घेतात आणि ठोके ऐकवतात, असं माझं मत होतं.

डोकं दुखत होतं, पण ते लॅपटॉपमुळे. बरगडीखाली जळजळ होती, ती ठेच्यामुळे. दोन दिवसांपासून डोळ्यांपुढे मधूनच चमकायचं, तर चष्म्याचा नंबर वाढला असणार. माझ्या नोकरीत प्रत्येक तक्रारीला तयार उत्तर असतं आणि समोरचा गप्प बसला की तक्रार मिटली असं धरतात. मी स्वतःच्या शरीरालाही तसंच गप्प बसवत होते.

महेशचं मशीन

इथे एक कबुली द्यायची आहे. ती महेशनं स्वतः लिही म्हणून सांगितली आहे.

मागच्या तपासणीला डॉक्टर म्हणाल्या होत्या, रक्तदाब काठावर आहे, घरी बघत जा. महेशनं लगेच ऑनलाइन मशीन मागवलं. माझा दाब घेतला तर वरचा आकडा १५२. पाच मिनिटांनी १४६. मग १५८. त्याच्या धंद्यात एकाच गोष्टीचे तीन वेगळे आकडे आले की दोष यंत्रणेत असतो. त्यानं स्वतःचा दाब घेतला, तो ११८ आला. यावरून त्यानं निष्कर्ष काढला की पट्टा बायकांच्या दंडाला नीट बसत नाही. फोटो काढले, तक्रार नोंदवली, 'सदोष वस्तू' म्हणून मशीन परत पाठवलं. नेणारा माणूस येऊन गेला आणि आम्ही दोघं निश्चिंत झालो.

शिकलेल्या माणसांना चुकासुद्धा शिकून कराव्या लागतात. अडाणी माणसानं फार तर मशीन बंद करून कपाटात ठेवलं असतं.

मुमताजचाची

पौडच्या बाजारात मुमताजचाचीचं बांगड्यांचं दुकान आहे. पाचव्या महिन्यात सासूबाईंनी फोनवरून फर्मान काढलं, चोरचोळीच्या ओटीला हिरव्या बांगड्या भरून घे. तेव्हा घरमालकीणबाईंनी मला तिच्याकडे पाठवलं होतं. त्या बांगड्या मी आठवड्यातच काढून ठेवल्या, कारण टाइप करताना किणकिण थेट ग्राहकाच्या कानात जायची. डोहाळजेवणाला मात्र चाची स्वतः घरी आली. चाचा खाली स्कूटरपाशी थांबले आणि ती पेटी घेऊन तीन मजले चढून आली.

मी पाटावर बसले होते. डोक्यावर फुलांचा मुकुट, दंडांवर फुलांचे बाजूबंद, फोटोसाठी हातात थर्माकोलचं धनुष्य. भोवती पंधरा बायका. चाचीनं माझा हात मांडीवर घेतला, बोटं दाबून निमुळती केली आणि बांगडी सरकवली. ती अंगठ्याच्या हाडापाशी अडली. तिनं हात फिरवला, पुन्हा सरकवली, पुन्हा अडली. मग तिनं बांगडी बाजूला ठेवली, माझ्या हाताच्या पाठीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथे खळगा पडला होता आणि तो भरून येत नव्हता.

"पोरी, पाचव्यात तुला सव्वादोनची बसली हुती," चाची म्हणाली. "सातव्यात हात वाडतो म्हणून मी अडीचची आणली. ही बी जाईना."

"जरा साबण लावून बघा," सासूबाई म्हणाल्या.

"साबणानं जाईल की. पण मी घालणार न्हाई." तिनं माझ्याकडे बघितलं. "डोकं दुकतंय का तुजं?"

"जरा जरा."

"डोळ्याम्होरं काजवं चमकत्यात?"

"परवापासून."

"आन कुणाला सांगितलंस?"

मी दुसऱ्या हातातलं धनुष्य खाली ठेवलं. सासूबाई अजिजीनं म्हणाल्या, "ओटीच्या वेळेला हात रिकामा चांगला नसतो हो. शकुनाची एक तरी भरा."

"एक बी न्हाई," चाची म्हणाली. "माज्या नणंदेला अशीच सूज आली हुती. सगळ्यास्नी लई हौस. म्या जोर लावून डझनभर भरल्या. दुसऱ्या दिशी दवाखान्यात त्या फोडून काढाव्या लागल्या, आन नणंद काय परत घरी आली न्हाई. हिला आदी दाखवून आणा. बांगड्या काय पळून चालल्यात व्हय?"

तिनं पेटी मिटली. खरं सांगते, मला तिचा भयंकर राग आला. भरल्या घरात, ऐन ओटीच्या वेळेला असलं बोलतात का? मी म्हटलं, आधी ओटी होऊ दे, जेवणं होऊ देत, मग संध्याकाळी जाऊन येऊ. चाचीनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात महेश मसालेभाताचं पातेलं धरून उभा होता. त्याला ती म्हणाली, "तुमी गाडी काडता, का मी आमच्या म्हाताऱ्याला डागदर आणायला धाडू?"

महेशनं पातेलं ठेवलं आणि किल्ली घेतली.

फुलांसकट

कॅज्युअल्टीत मी मुकुट आणि बाजूबंदांसकट शिरले. एका दारुड्यानं मला हात जोडून नमस्कार केला. नर्सनं बाजूबंद सोडवून पट्टा गुंडाळला. १७४ आणि ११२. ती पलीकडे गेली आणि दुसऱ्या हाताला पट्टा बांधला. तिथेही तेवढाच. मग तिनं डॉक्टरांना हाक मारली. ती हाक साधी नव्हती, हे मला लगेच कळलं.

महेश भिंतीला टेकून उभा होता. हळूच म्हणाला, "मशीन चांगलं होतं गं." लग्नाला चार वर्षं झाली, इतक्या पश्चात्तापाचं वाक्य मी त्याच्या तोंडून आजवर ऐकलेलं नाही.

डॉक्टर बाईंनी लघवी तपासली, रक्त घेतलं आणि विचारलं, "उद्या कुठे जायचा बेत होता म्हणालात?"

"लातूरला. गाडीनं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "वाटेत झटके आले असते तर आई आणि बाळ, दोघांचंही सांगता आलं नसतं. आता इथे आहात ना, मग आपण एकेक दिवस मिळवू. बाळ अजून लहान आहे. जितके दिवस पोटात राहील तितकं चांगलं."

मला मरायची भीती वाटली. दुसरा कुठलाच शब्द त्याला नाही. आपण मेलो तर बाळाचे कपडे कुठल्या कपाटात ठेवलेत हे महेशला सापडणार नाही, असला वेडा विचारही त्याच वेळी आला. मी रडायला लागले आणि मुकुटातला निशिगंध नाकासमोर लोंबायला लागला. नर्स म्हणाली, "ताई, हे आता काढूया का?" तेव्हा रडता रडता हसूही आलं.

असे पाच दिवस मिळवले. झटके येऊ नयेत म्हणून एक इंजेक्शन दिलं, त्यानं अंगातून वाफ निघाल्यासारखं झालं. बाळाच्या फुप्फुसांसाठी दोन दिली. डाव्या कुशीवर झोपायचं, लघवी मापाच्या भांड्यात करायची, दर थोड्या वेळानं दंडाला पट्टा. महेशनं प्रत्येक आकडा वहीत लिहिला आणि एकाही आकड्यावर शंका घेतली नाही. सासूबाई रोज डबा घेऊन यायच्या. डोहाळजेवणाच्या चकल्या त्यांनी मारुंजीहून आणून अख्ख्या वॉर्डला वाटल्या. मला म्हणाल्या, "पाटावर बसून खायच्या होत्या, खाटेवर बसून खा. चकली तीच हाय." आई लातूरहून डिंक पिशवीत घालून आली आणि सासूबाईंच्या हाती सोपवून मोकळी झाली.

सहाव्या दिवशी बाळाचे ठोके मंद पडायला लागले आणि घाईनं सिझेरियन केलं. मुलगी झाली. एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम. माझ्या गालाला तिचं कपाळ एकदा टेकवलं आणि तिला आत नेलं.

दोन मिली

लहान बाळांचा अतिदक्षता विभाग वरच्या मजल्यावर होता. तिथल्या सुनंदा सिस्टर आवाज न चढवता सगळ्यांना धाकात ठेवायच्या. पहिल्या दिवशी मी व्हीलचेअरवरून गेले. काचेच्या पेटीत, टोपीत, नळ्यांत ती होती. पेटीवर पट्टी होती, 'बेबी ऑफ अर्चना'. मला काही ममता वगैरे दाटून आली नाही. मला वाटलं, ही माझी आहे हे मला कुणीतरी पटवून द्यायला हवं.

सिस्टरांनी माझ्या हातात उकळलेली वाटी दिली आणि दूध हातानं काढायला शिकवलं. अर्धा तास खटपट करून वाटीच्या तळाला ओल आली. मी शरमेनं वाटी लपवली. त्यांनी ती ओल सिरिंजमध्ये ओढून घेतली. "दोन मिली आहे," त्या म्हणाल्या. "तिच्या पोटात एवढंच मावतं. तुम्ही कुणासाठी दूध काढताय, म्हशीच्या रेडकासाठी?" त्या दिवसापासून दर तीन तासांनी माझी वाटी आणि मी. दोनचे चार, चारचे सात. एका दुपारी पंधरा मिली निघालं, तर महेशनं दोन्हीकडच्या नातेवाइकांना कळवलं. माझ्या वडिलांनी गंभीरपणे "अभिनंदन" असं उत्तर पाठवलं.

तिचं वजन आधी घटलं. बाराशे दहापर्यंत उतरलं. घटतंच, असं सिस्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं, तरी तराजूचा आकडा मी तीनतीनदा वाचायचे. नंतर ते रोज वीस-पंचवीस ग्रॅमनं वर यायला लागलं. डॉक्टरांनी आता कांगारूसारखं छातीशी धरा म्हणून सांगितलं. कातडीला कातडी लावायची, वरून कापड बांधायचं आणि तासन्‌तास बसायचं. माझ्या छातीवर ती पहिल्यांदा आली तेव्हा तिचा श्वास माझ्या श्वासात अडखळत मिसळला, आणि मग मला कुणी काही पटवून द्यावं लागलं नाही.

माझी विश्रांती असे तेव्हा महेश बसायचा. आधी शर्ट काढायला लाजला. नंतर इतका सरावला की लिफ्टमध्येच गुंड्या सोडायला लागला. तिला तो हळू आवाजात दिवसभरात कुणाच्या कामात किती चुका काढल्या ते सांगायचा. ती झोपून जायची.

नवव्या दिवशी, ती पेटीत असताना, तिचा श्वास थांबला. मी समोर उभी होते. मशीन ओरडायला लागलं, ओठ निळे पडले. सुनंदा सिस्टरांनी धावत येऊन तिच्या तळपायांवर टिचक्या मारल्या, पाठ चोळली, आणि ती पुन्हा गुलाबी झाली. कमी दिवसांच्या बाळांत असं होतं, मोठी झाली की थांबेल, असं त्यांनी सांगितलं. मी ऐकलं, मान डोलावली आणि बाहेर जाऊन उलटी केली.

सासूबाई तेव्हा काचेपलीकडे होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

बारावा दिवस

बाराव्या दिवशी नाव ठेवायचं, ही रीत. पाळणा नसला तरी नाव ठेवता येतं, असं मला वाटत होतं. मी फोनमध्ये यादी केली होती. सासूबाई म्हणाल्या, "सुवेर हाय, इतक्यात कशाला?" दोन दिवसांनी म्हणाल्या, अमावस्या जवळ आली. मग आत्याला रजा नाही. मग घरी गेल्यावर थाटात करू. त्या बाळाला 'ते' म्हणायच्या. "त्यानं दूध घेतलं का?" "त्याचं वजन किती आलं?"

एक दिवस मी भडकले. म्हटलं, मुलगा असता तर अमावस्या आड आली असती का? त्या डब्याचं झाकण लावून निघून गेल्या. आई होती तोवर मध्ये तुपाचा हात फिरवायची, पण तिला परत जावं लागलं, कारण वडील तिकडे एकटे होते. महेश दोन्हीकडून बोलणी खात होता. आजारपणात माणसं जवळ येतात म्हणतात. आधी एकमेकांचा जीव नकोसा करतात, हे कुणी सांगत नाही.

आता थोडं तुमच्याशी बोलते, कारण त्यासाठीच लिहायला बसले आहे. तुमच्या घरी कुणी गरोदर असेल आणि तिचा चेहरा, हात सुजले, डोकं थांबेना, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, तर तेज आलं म्हणू नका. त्याच दिवशी रक्तदाब बघा. आकडा जास्त आला तर मशीनशी भांडू नका, दवाखान्यात जा. तिथल्या मशीनशी भांडायला डॉक्टर आहेत. तपासणीची तारीख चकल्यांसाठी पुढे ढकलू नका. आणि बाळ पेटीत असेल तर तुमच्या वाटीतल्या दोन मिलीला कमी लेखू नका. माझा दाब बाळंतपणानंतर दीड महिन्यानं ताळ्यावर आला, तोवर गोळ्या घेतल्या. आजही मी तीन महिन्यांनी एकदा तपासते. चाचीला फोन करून हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. मला वाटलं हुतं, तुमी मला शिव्या देत असाल." मी म्हटलं, दोन तास दिल्या होत्या.

तेविसावा दिवस

त्या सकाळी माझा दाब पुन्हा चढला होता. सुनंदा सिस्टरांनी फर्मावलं की आज मी नुसती खुर्चीत बसायचं. महेशला खोकला झालेला, त्याला दारातूनच परत पाठवलं. छातीशी धरायला कुणी उरलं नाही. सिस्टर बाहेर गेल्या आणि सासूबाईंना हाताला धरून घेऊन आल्या.

"मला न्हाई जमायचं," सासूबाई म्हणत होत्या. "माझे हात कापायलेत."

"हातांचं काम नाही आजी, छातीचं आहे," सिस्टर म्हणाल्या. त्यांना गाऊन घातला, हात धुवून घेतले, आरामखुर्चीत बसवलं आणि बाळ छातीवर ठेवून वरून कापड बांधलं.

सासूबाई ताठ बसून राहिल्या. बराच वेळ श्वासही जपून घेत होत्या. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"महेशच्या आधी मला एक मुलगी झाली होती. अशीच कमी दिवसाची. महेशला बी ठाऊक न्हाई. तिला कापसात गुंडाळून ठेवायचे. बाराव्या दिवशी सगळ्या गल्लीला बोलवून नाव ठेवलं. सोळाव्या दिवशी गेली." त्यांनी कापड जरा सारखं केलं. "नाव नसतं ठेवलं तर एक लेकरू गेलं म्हणले असते, झालं. पण नाव ठेवलेलं लेकरू गेलं की हाक घशातच ऱ्हाती, अर्चना. भाकरी करताना तोंडात यायची. विहिरीवर यायची. ती कुणाला मारू?"

मला त्या अमावस्येच्या भांडणाची लाज वाटली. मी खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली.

तासाभरानं सिस्टर येऊन मशीनवरचे आकडे बघून गेल्या. बाळाचं वजन त्या दिवशी एक किलो सहाशे दहा होतं आणि गेले दोन आठवडे श्वास एकदाही थांबला नव्हता. सासूबाईंनी ते दोन्ही आकडे सिस्टरांना दोनदा विचारून घेतले. मग मला म्हणाल्या, "तुझी ती यादी वाच."

मी फोन काढला. "अन्वी."

"अर्धं तोडल्यासारखं वाटायलंय."

"ईरा."

"लेकरू लहान हाय म्हणून नाव बी लहान ठेवायलीस का?"

"त्विशा."

"माझे पुढचे दोन दात पडलेत. दुसरं सांग."

असं करत अकरा नावं बाद झाली. बारावं होतं रेवती. सासूबाईंनी ते तोंडातल्या तोंडात दोनदा घोळवलं. "हे बरं हाय," म्हणाल्या. "अंगणातून हाक मारली तर शेतापर्यंत जाती."

मला वाटलं, आता मुहूर्त, आत्या, पाळणा निघणार. त्यांनी मान वाकवली आणि टोपीची कड बाजूला करून तिच्या कानाशी म्हणाल्या, "रेवती." ती झोपेतच होती. मग त्यांनी जरा मोठ्यानं हाक मारली, "रेवती." आणि मग पुन्हा, आणखी मोठ्यानं.

पलीकडच्या पेटीपाशी सुनंदा सिस्टर वळल्या. "आजी, हळू. उठेल ना ती."

"झोपू द्या तिला," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या ते पुसत नव्हत्या, कारण दोन्ही हात बाळावर होते. "मला कुठं घाई हाय? जन्मभर हाक मारायची हाय हिला."